समोर बसणारी बाई

४ नोव्हेंबर

आज टकळी घरी आली. टकळी म्हणजे आमच्या रेडिओ केंद्राची आताची संचालक. माझ्या हाताखाली आली तेव्हा वक्त्याची ओळख करून द्यायला ही पोरगी वक्त्यापेक्षा जास्त बोलायची, म्हणून टकळी. आता तोंडावर मी तिला संचालकबाई म्हणते आणि ती कानकोंडी होते. मजा येते.

केव्हाची दारात उभी होती म्हणे, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं. आमची बेल बिघडलीय. कधीपासून यांच्या मागे लागलेय. हे म्हणतात चालू आहे. यांच्या मते घरात सगळंच चालू असतं.

तर बातमी अशी की केंद्राची जुनी इमारत रिकामी होणार. नवं ऑफिस काचेच्या कुठल्याशा मनोऱ्यात. जायच्या आधी टकळीला एक दिवस जुन्या पद्धतीनं करायचाय. सकाळच्या पहिल्या घोषणेपासून शेवटच्या घोषणेपर्यंत नुसतं बोलणं. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. भाषणं, गप्पा, नाटक, बालसभा, वादविवाद, सगळं थेट, जुन्या स्टुडिओतून. नाव ठेवलंय 'बोलका दिवस'.

"आणि काकू, समोर तुम्ही बसायचं," ती म्हणाली.

बाई गं. कपबशी मी आधी खाली ठेवली. निवृत्त झाल्यापासून मला कुणी समोर बसवलं नव्हतं.

पुढे कधी नातवंडं वाचतील तर त्यांना कळावं म्हणून लिहून ठेवते. रेडिओवर बोलायला येणारी माणसं काही बोलणारी माणसं नसायची. कुणी डॉक्टर, कुणी मधमाश्या पाळणारा, कुणी पोस्टमन. घरी धबधब्यासारखी बोलतील, पण तो माइक समोर आला, लाल दिवा लागला, की दातखीळ. म्हणून त्यांच्या समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसायचं. वक्त्यानं माइकशी नाही, त्या माणसाशी बोलायचं. तो माणूस म्हणजे मी. हुंकार द्यायचा नाही, माइक पकडतो. सगळं तोंडानं करायचं, म्हणजे न बोलता. भुवया उचलायच्या, मान हलवायची, पुढे सरकायचं, डोळ्यांनी 'मग?' म्हणायचं. माझा आवाज जन्मात रेडिओवर गेला नाही. एकदा फक्त शिंक गेली होती, तीही हवामानाच्या अंदाजात.

टकळी म्हणाली, दिवस चांगला झाला तर नव्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा या, नव्या मुलांना समोर बसायला शिकवा. मी म्हटलं, बघू. आतून मात्र पोरीसारखी उड्या मारत होते. घरात बसून बसून मला माझाच कंटाळा आलाय. आणि खरं सांगू? अजून आपल्याला जमतं की नाही, हे मला स्वतःलाच बघायचंय.

तिला एकच अट घातली. रेकॉर्डिंग नको. रेकॉर्डिंग होतंय म्हटलं की माणूस सैलावतो, नंतर कापतील म्हणतो. ती कबूल झाली. ही पोरगी पूर्वी भरभर तोंडातल्या तोंडात बोलायची, आता किती स्पष्ट बोलते. शिकवलेलं वाया गेलं नाही.

६ नोव्हेंबर

यांनी मिशी काढली!

काही सांगणं नाही, विचारणं नाही. न्हाणीघरातून बाहेर आले तो ओठावर नुसता पांढरा पट्टा. मला वाटलं कुणी परका माणूस घरात शिरला. लग्नाच्या फोटोतली मिशी ती! मी म्हटलं, "अहो, हे काय सोंग?" तर म्हणाले, "उकडतं." नोव्हेंबरात उकडतं!

निवृत्त माणसाला रिकामपण खातं, दुसरं काय. जन्मभर नकाशा खात्यात बसून नद्या नि रस्ते रेखाटले, आता रेखाटायला काही नाही म्हणून स्वतःचं तोंड घेतलंय कामाला. जेवायच्या टेबलाशीही माझ्या शेजारची खुर्ची सोडून समोर जाऊन बसतात. म्हणे खिडकीचा उजेड तोंडावर येतो, बरं वाटतं.

तसे बोलत तर नाहीतच. आधीपासूनच तोंडात मिठाची गुळणी, हल्ली तर पुटपुटतात नुसते. मी दुसऱ्या खोलीत असले की यांचं एक अक्षर पोचत नाही. लेक फोनवर म्हणाली, आई, बाबा बरोबर बोलतात गं. तिचा फोनही असा की विहिरीतून बोलल्यासारखा. इतके महाग फोन घेतात आणि आवाज मेला कुठे जातो कोण जाणे.

९ नोव्हेंबर

आज जुन्या इमारतीत गेले. जिन्याला तोच वास, जुन्या गालिच्याचा आणि गरम झालेल्या यंत्रांचा. स्टुडिओचं जाड दार ढकललं आणि आतली ती गादीसारखी शांतता अंगावर आली. पूर्वीपेक्षाही शांत वाटला. दोन मिनिटं तिथेच उभी राहिले. रडू आलं. आलं तर आलं, लिहायला काय लाज?

याच टेबलाशी एकदा घड्याळजी आले होते, घड्याळांवर बोलायला. पाच-सहा घड्याळं खिशातून आणली आणि भाषणभर टिकटिक देशभर गेली. लोकांची पत्रं आली, आमच्या घरात घड्याळ नाही तरी वाजतंय. एक पक्ष्यांचे अभ्यासक होते, त्यांना चालल्याशिवाय बोलता यायचं नाही. मी त्यांच्या पायातले बूट काढून घेतले आणि मोज्यांवर टेबलाभोवती फिरवलं, आणि मान त्यांच्याबरोबर फिरवत राहिले. घरी येऊन मानेला शेक घ्यावा लागला. त्या काळी लोक कामं बाजूला ठेवून ऐकायचे. दुकानात संच लावलेला असायचा आणि भाषण संपेपर्यंत गिऱ्हाईक हलायचं नाही, दुकानदारही घाई करायचा नाही.

टकळीनं कार्यक्रम दाखवला. सकाळी दीपगृहाचे राखणदार. मग दातांचे डॉक्टर, विषय 'भीती'. दुपारी नाटक, मुलांसाठी गोष्ट, आणि बुद्धिबळाच्या डावाचं धावतं वर्णन. मी म्हटलं, खेळाडू विचार करत बसला तर समालोचक काय सांगणार, त्यानं नाक खाजवलं? ती म्हणाली, काकू, तेच तर ऐकायचंय. शेवटचं भाषण विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानं उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांचं.

कानाला लावायचे हेडफोन तपासले. तीन जोड बदलले, सगळ्यांचा आवाज गेलेला. काचेपलीकडे यंत्रांपाशी आमचे जुने दादा बसतात, अजून निवृत्त झाले नाहीत. त्यांना खूण केली, भंगार झालंय सगळं. त्यांनी ते स्वतःच्या कानाला लावून बघितले, टकळीकडे बघितलं, आणि मान डोलावली. म्हणजे त्यांनाही पटलं.

१२ नोव्हेंबर

यांनी बेलला दिवा जोडला. कुणी बटण दाबलं की दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो. मी म्हटलं, "अहो, बेल दुरुस्त करायची सोडून हे काय? लग्नघर आहे का?" तर हसले नुसते. म्हणाले, "तुझ्या स्टुडिओत असतो ना लाल दिवा. घरीही असू दे."

मग मी चहा करून दिला.

१५ नोव्हेंबर

आज रंगीत तालीम. नीट झाली नाही.

डॉक्टर बोलताना तोंडावर हात धरतात. रोग्यांच्या तोंडाशी वाकून मास्कमधून बोलायची सवय. मी चारदा हात खाली घ्यायला लावला. हात वर गेला की भाषणातला जीवच जातो, मला काही लागतच नाही. टकळी म्हणाली, ऐकायला तर ठीक येत होतं. मी म्हटलं, तुझे कान बिघडलेत.

मग दादांनी काचेपलीकडून काहीतरी सांगितलं असावं, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. भिंतीतला स्पीकरही मेलेला. मला फार ओशाळं वाटलं. पूर्वी दादांनी ओठ हलवायच्या आत मला कळायचं.

हे न्यायला आले होते, येताना यांनी हात धरून रस्ता ओलांडला. गाडी मागून आली ती माझ्या लक्षात आली नाही. हल्लीच्या गाड्या चोरासारख्या येतात. घरी आल्यावर मनात आलं, म्हातारी झालीस तू. नाही म्हणावं टकळीला. यांना विचारलं. हे कागदावर काहीतरी रेघा मारत होते. मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि सावकाश म्हणाले, "तू नाही बसलीस तर ती माणसं कुणाशी बोलणार?"

पुटपुटले नाहीत. जन्मात पहिल्यांदा एवढं लांब वाक्य. म्हणून जातेय.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

झाला बोलका दिवस. पाय सुजलेत, पण आधी लिहिते.

सकाळी धुकं इतकं की केंद्राची पाटी दिसेना. दीपगृहाचे राखणदार मात्र वेळेच्या आधी हजर. त्यांना धुक्याचं काय कौतुक? लाल दिवा लागला आणि त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि सुरू झाले. काय बोलले! प्रत्येक शब्द ओठांवर गोल करून, सावकाश, जणू वादळात दुसऱ्या बोटीवरच्या माणसाला सांगतायत. बोटी दिसतात, पण माणसं कधी भेटत नाहीत, म्हणाले. दिवा विझवला की दिवसा काय करता असं मी भुवयांनी विचारलं, तर त्याचंही उत्तर दिलं. मी पुढे सरकले, ते पुढे सरकले. जमत होतं हो! मला जमत होतं!

डॉक्टरांनी हात मांडीखाली दाबून धरले होते. भीतीवर इतकं सुंदर बोलले की माझा दुखरा दात मला आठवला. एकूणच आजची सगळी माणसं अशी बोलली. हळूबाई कुणी नाही, पुटपुट्या कुणी नाही. मी टकळीला म्हटलं, "चांगले निवडलेस गं." ती म्हणाली, "मी फक्त सांगितलं, काकूंना समजेल असं बोला. दुसरं कुणाला समजवायच्या भानगडीत पडू नका."

बुद्धिबळात खरंच एक खेळाडू विचार करत बसला तो बसलाच. समालोचक घामाघूम. मी गालाला हात लावून टक लावून बघत बसले, तर त्यांनी खेळाडूच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीचं असं काही वर्णन केलं की काचेपलीकडे दादा पोट धरून हसत होते. आता त्यानं नाडी बांधली तर लक्ष विचलित होईल, नाही बांधली तर आपलं विचलित होतंय! रेडिओ म्हणजे हेच. काही दिसत नाही आणि सगळं दिसतं.

संध्याकाळ होत आली आणि घोटाळा झाला. मनोऱ्यातले अधिकारी येईनात. धुकं परत उतरलं होतं, विमानं वर घिरट्या घालत होती, त्यांना जागा सोडता येणार कशी? टकळीचा चेहरा पांढराफटक. पूर्वीचा रिवाज असा की वक्ता आला नाही तर इमारतीत जो सापडेल तो धरून बसवायचा. एकदा आम्ही रंगाऱ्याला शिडीवरून उतरवून बसवला होता, आणि त्यानं पांढऱ्या रंगाच्या किती जाती असतात ते सांगितलं होतं.

आज सापडले हे. मला न्यायला माझी शाल घेऊन आले होते, बाकावर बसले होते. टकळीनं सरळ दंड धरला. "काका, चला."

मी म्हटलं, "अगं, वेडी का काय तू? यांना बोलता येत नाही. हे पंचवीस शब्दांत दिवस काढतात."

ती म्हणाली, "समोर तुम्ही आहात ना?"

मला वाटलं हे पळ काढतील. पण यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली, माझ्याआधी आत गेले आणि खुर्चीत बसले. मी समोर. माइक हनुवटीच्या खाली, जरा बाजूला ठेवायचा असतो. यांनी तो ओढला आणि सरळ तोंडापुढे घेतला. नवशिके करतात तसं. काळ्या गोळ्यामागे अर्धं तोंड झाकलं गेलं. मी हात पुढे करून सरकवणार तोच लाल दिवा लागला.

मग हे बोलले. माइकच्या वर नुसते डोळे दिसत होते. ते माझ्यावरून हलले नाहीत. मी माझं काम केलं. भुवया, मान, हसू, जिथे वाटलं तिथे. एका ठिकाणी मी हसले आणि काचेपलीकडे दादांनी रुमाल काढून डोळे पुसले, तेव्हा जरा चुकल्यासारखं झालं. टकळी दाराशी पाठ करून उभी होती. यांनी एकदा टेबलावरचा माझा हात धरला. स्टुडिओत असं करत नाहीत, कापड घासल्याचा आवाज येतो. मी सोडवला नाही.

वेळ संपायच्या आत बरोबर थांबले. दिवा विझला. नकाशांबद्दल बोलले असणार. चांगलं झालं. मी सगळं ऐकलं, अर्थातच.

२० नोव्हेंबर

कालचं शेवटचं वाक्य खोडावंसं वाटतंय. सगळं ऐकलं असं नाही. थोडं. माइक तोंडापुढे होता आणि यांचा आवाज मुळात बारीक. रेडिओवर लोकांना तरी किती पोचलं असेल देव जाणे.

लेकीचा फोन आला. ती रडत होती का, तेही कळेना. मग तिनं लिहून पाठवलं, 'बाबा असं बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं. आई, तुला कसं वाटलं?'

मी लिहिलं, 'छान झालं.'

मी हजारो माणसांच्या समोर बसले आणि माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकदा भाषण केलं त्यातलं मला एक वाक्य सांगता येत नाही. यांना बघितलंत तर काही झालंच नसल्यासारखे वाटाणे सोलत बसलेत. विचारायचं कसं? "अहो, काल काय बोललात?" ज्या बाईचा धंदाच ऐकण्याचा, तिनं?

२१ नोव्हेंबर

कोपऱ्यावर वाणसामान आणायला गेले. दुकानदार एरवी मान वर करत नाही. आज बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि ओरडूनच म्हणाला, "मावशी, काकांनी काय सांगितलं हो परवा! मीही आता घरी गेल्यावर आधी बायकोला बोलू देतो. कान भरलेत असं म्हणत नाही."

आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघत होती. वाईट नाही, प्रेमानंच. एका बाईनं माझी पिशवी घरापर्यंत आणून दिली. मी म्हटलं, अहो, मला जड नाही. त्यांनी ऐकलं नाही. 'कान भरलेत' हे माझं वाक्य. केंद्रातून घरी आले की चपला काढता काढता मी म्हणायची, आज कान भरलेत, काही सांगू नका. ते या दुकानदाराला कसं माहीत?

२२ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. लाल दिवा लागला, मी दार उघडलं. त्यांनी आत येऊन मला मिठीच मारली. या बाईशी माझं जिन्यातल्या कुंड्यांवरून वर्षभर भांडण आहे.

म्हणाल्या, "असा दिव्याखाली अंधार असतो बघा. साऱ्या देशाचं तुम्ही ऐकून घेतलंत. आणि हे बिचारे म्हणत राहिले, आज नको, थकून आलीय, उद्या सांगू. किती उद्या साठले म्हणे. निवृत्त झालात की निवांत बोलू असं ठरवून बसले होते, आणि आता..."

तिथे थांबल्या. माझं तोंड बघून घाबरल्या असाव्यात.

"आणि आता काय?" मी विचारलं.

"मी फोनवर घेऊन ठेवलंय. ऐकवू?" त्यांनी मोबाइल माझ्या कानाशी धरला. लांब कुठेतरी माशी अडकल्यासारखी कुईकुई. मी त्या फोनकडे बघत राहिले. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. ना ओठ, ना डोळे.

वहिनी हळूच म्हणाल्या, माझ्यासमोर तोंड आणून, "मिशी त्यासाठीच काढली ना त्यांनी? तुम्हाला ओठ दिसावेत म्हणून?"

त्या गेल्यावर मी दार उघडं ठेवलं. एका हातानं बाहेरचं बटण दाबलं. आत लाल दिवा लागला. दुसरा हात लांब करून भिंतीवरच्या बेलच्या डबीवर ठेवला. डबी हाताखाली थरथरत होती, चांगली जोरात, मुंग्या याव्यात तशी. सोडलं की थांबायची, दाबलं की थरथरायची. किती वेळ दाबत होते कोण जाणे. शेजारच्या घरातला कुत्रा बाहेर येऊन माझ्यावर भुंकायला लागला. म्हणजे जबडा उघडत मिटत होता.

बेल चालू आहे. पहिल्यापासून चालू होती.

२३ नोव्हेंबर

काही लिहवत नाही. राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. टकळीचा आधी आला. तिला माहीत होतं, दादांना माहीत होतं, दीपगृहाच्या राखणदारांनाही सांगून ठेवलेलं. सगळे मिळून मला लहान मुलासारखं खेळवत होते. मग वाटलं, खेळवलं तर खेळवलं, पण माणसं बोलली तर खरीच. मला समजावं म्हणून बोलली, ती साऱ्यांना समजली.

पण हे? यांनी सगळ्या देशाला सांगितलं आणि मला नाही.

२४ नोव्हेंबर, दुपार

सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "अहो, मला ऐकू येत नाही."

हे कप खाली ठेवून म्हणाले, "हो."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"बरेच दिवस."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. ऐकू आलं नाही तुला."

अस्सा संताप आला! आणि मग हसूच फुटलं. दोघंही हसलो, इतकं की यांना ठसका लागला. पाठ चोळून दिली. मग मी विचारलं, माइक मुद्दाम तोंडापुढे घेतलात ना? म्हणाले, हो. का? तर कप बाजूला सारला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"बोलायचं होतं तुझ्याशीच," म्हणाले. "पण तुला लागेल असं नको होतं. तू समोर असावंस आणि तुला ऐकू येऊ नये, अशी जागा दुसरी कुठे मिळणार?"

"आणि सगळ्या देशानं ऐकलं त्याचं काय?"

"देश उलट बोलत नाही."

मी म्हटलं, आता मला सांगा. तेच, जसंच्या तसं. मोठ्यानं सांगा. यांनी मान हलवली. तेच परत नाही यायचं, म्हणाले, ते गेलं. दुसरं आहे. पुष्कळ आहे. मी म्हटलं, मग ते काढा.

आणि काय काढलं असेल पहिलं? दिवाणखान्याचा पिवळा रंग! तो यांना कधीच आवडला नव्हता. एवढी वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून जेवले आणि आता सांगतायत! मग खात्यातल्या एका साहेबांची गोष्ट, त्यांनी नदी डोंगरावर चढवली होती आणि सहा महिने कुणाला कळलं नाही. मग यांची आई गेली त्या आठवड्याचं. त्याचं मी इथे लिहिणार नाही, ते यांनी मला सांगितलंय. मध्ये मला कळलं नाही तर मी हात वर करत होते, हे परत सांगत होते, दोनदा, तीनदा, न कंटाळता. एकदा इतके ओरडले की वरच्या वहिनी खाली डोकावून गेल्या. भांडण नाही म्हणून सांगितलं, तर बिचारीची निराशाच झाली.

टकळीला निरोप पाठवलाय, कानाच्या डॉक्टरांकडे आधी जाते, मग तुझ्या मुलांचं बघू. तिनं लगेच वेळ घेऊनही टाकली. परवाची.

जेवणं झाली. हे अजून थांबलेले नाहीत. मघाशी माझ्याकडे बघून म्हणाले, "थकलीस. राहू दे, उद्या बोलू."

मी म्हटलं, "उद्याचं नाव काढाल तर बघा."

पाणी प्यायला उठलेत, तेवढ्यात हे लिहून घेतेय. आले. लिहायला मान खाली घातली की यांचं तोंड दिसत नाही, तेव्हा आता लिहिणं बंद.